जास्तीचा लाल दोरा

जालना जिल्हा झाला त्याच साली कडूबाईचं लग्न झालं. जिल्ह्याचं वाजतगाजत झालं, कडूबाईचं बेताबेतानं. माहेर वडीगोद्रीचं, घराणं मेंढरं राखणारं. लोकर कातायची, रंगवायची, घोंगडीचा ताणा लावायचा, हे तिच्या बोटांत लहानपणीच उतरलं होतं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. तिसरीच्या साली मेंढरं चराईला लांब गेली, मेंढरांमागं ती गेली, आणि शाळा जिथल्या तिथं राहिली.

नवरा मिळाला पिंपळगाव रेणुकाईचा त्रिंबक. त्याचा बाप इंद्रभान, जन्म मेंढरांत काढलेला माणूस. पोरगा मात्र आकड्यांच्या मागं लागला. एम.एस्सी. झाला आणि भोकरदनला कॉलेजात गणित शिकवायला लागला. लग्नात वडीगोद्रीच्या बाया कडूबाईला म्हणाल्या, "नशीब काढलंस गं. नवरा बसून कमावणारा मिळाला." बसून म्हणजे किती बसून, हे त्या बायांना कुठं ठाऊक होतं?

भोकरदनला दोन खोल्यांचा संसार मांडला. त्रिंबक सर सकाळी आंघोळ करायचे, कपाळाला बुक्का लावायचे, आणि भिंतीकडं तोंड करून पाटावर बसायचे. मांडीवर कागद, कागदावर ठिपके, हातात रंगीत पेन्सिली. तासभर बोलायचे नाहीत, हलायचे नाहीत. माशी बसली तरी हाकलायचे नाहीत. आधी कडूबाईला वाटलं, नवरा काहीतरी जप करतो. जप असता तर ओठ तरी हलले असते. मग वाटलं, रागावलाय. चार दिवस कालवणात मीठ जपून घातलं, तरी काही फरक नाही. शेवटी एका सकाळी तिनं चुलीपुढूनच विचारलं,

"आवो, तुम्ही काय करून राह्यले?"

"काम."

"हात तर हालत न्हाईत."

"आतून करून राह्यलो."

"बरंय. मंग मी बी आज भाकरी आतूनच करते."

सरांना हसू आलं. उठून तिच्यापाशी आले, कागद दाखवला. आता नवऱ्यानं गणित समजावून सांगणं म्हणजे बायकोच्या अंगावर काटाच. पण कडूबाईनं पदराला हात पुसले आणि ऐकून घेतलं, कारण रोज उठून भिंतीशी बोलणाऱ्या माणसाचं भिंतीशी काय चाललंय ते कळलेलं बरं.

"हे ठिपके," सर म्हणाले. "दोन ठिपक्यांमधी रेघ काढायची. कायदा एकच, तिकोन होऊ द्यायचा न्हाई. कोणतेबी तीन ठिपके तिन्ही बाजूंनी जोडले गेले न्हाई पाहिजेत. कायदा सांभाळून रेघा काढत राह्यचं. कुठवर? तर आता कुठंबी एक रेघ काढली, की तिकोन झालाच, तिथवर. मंग ते चित्र भरलं म्हणायचं."

"म्हणजे खच्चून भरलं."

"न्हाई ना! तिथंच तर गंमत हाय. लई रेघांनी बी भरतं अन् थोडक्या रेघांनी बी भरतं. थोडक्यात थोडक्या किती रेघांत भरल, ते मी शोधून राह्यलो."

"थोडक्यात कसं भरंल?"

सरांनी मधोमध एक ठिपका काढला, भोवती सात-आठ काढले, आणि सगळे मधल्याला जोडून दिले. चाकाच्या आऱ्यांसारखं दिसायला लागलं. "आता बाहेरच्या कोणत्याबी दोघांना जोड."

कडूबाईनं जोडले. मधल्याला धरून तिकोन झाला. दुसरे दोन जोडले. तिकोन झाला. कुठंही जोडा, मधला आहेच. ती हसायलाच लागली. "आवो, हे तर आमच्या थोरल्या चुलत्याचं घर! पाच सुना. सगळ्या सासूशी बोलायच्या, आपसांत एक बी बोलायची न्हाई. दोघी बोलायला लागल्या, की सासू मधी आलीच."

"बराबर!" सर म्हणाले. आणि पुढं कित्येक वर्षं त्यांनी कॉलेजातल्या पोरांना हेच उदाहरण दिलं. वडीगोद्रीच्या थोरल्या चुलतीची कीर्ती अशी भोकरदनच्या पोरापोरींत पसरली. तिला बिचारीला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

सरांचं खरं काम मात्र याच्याहून गुंतागुंतीचं होतं. त्यांच्या रेघांना तीन रंग होते. लाल, हिरवा, पिवळा. तिकोन झाला तर चालायचा, पण तिन्ही बाजू एकाच रंगाच्या झालेल्या चालायच्या नाहीत. आणि भरलं कधी म्हणायचं? जिथं रेघ नाही तिथं कोणत्याही रंगाची रेघ ओढा, एकरंगी तिकोन झालाच पाहिजे. लाल ओढली तर लाल तिकोन, हिरवी ओढली तर हिरवा, पिवळी ओढली तर पिवळा. असं जाळं कमीत कमी किती रेघांत भरतं? एवढाच प्रश्न. सरांनी त्याच्यावर पीएच.डी. धरली होती. मार्गदर्शक औरंगाबादला.

कागदावर काढायचं, खोडायचं, परत काढायचं. खोडून खोडून कागदाला भोकं पडायची. कडूबाई म्हणाली, "खोडायचंच हाय तर काढता कशाला? बांधा अन् सोडा की."

पिंपळगावच्या घराला नवं दार बसवलं होतं, जुन्याचा एक पल्ला गोठ्यात पडून होता. इंद्रभाननं तो एस.टी.च्या टपावर टाकून आणून दिला. "दार कशाला पायजे ह्याला? घर तर भाड्याचं हाय," म्हणत गेला. सरांनी त्या पल्ल्यावर वीस-बावीस खिळे मारले आणि पल्ला भिंतीला टेकवला, तीच त्यांची फळी. कडूबाईनं लोकर कातून तीन रंगांत रंगवली. सर सांगायचे, "ह्या खिळ्यापासून त्या खिळ्याला हिरवा," की ती बांधायची. सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की दोरा सुटायचा. असं बांधत-सोडत सहा-सात वर्षं गेली. तोवर दोन लेकरं झाली, रांगायला लागली, चालायला लागली, आणि दोऱ्याला हात लावला की पाठीत धपाटा बसतो हेही शिकली.

मग एके दिवशी सर कॉलेजातून आले ते चप्पल न काढताच फळीपुढं उभे राहिले. दोन दोरे सोडायला लावले, एक नवा बांधायला लावला. तिन्ही रंगांचं जाळं ताणून बसलं होतं. सर म्हणाले, "कडू, भरलं."

तेवढंच म्हणाले, पण आवाज वेगळाच होता.

गोष्ट अशी होती. दूरदेशीच्या एका प्राध्यापकानं असं जाळं आधीच बांधून दाखवलं होतं. खिळे कितीही घ्या, त्याच्या हिशेबाइतके दोरे लागायचे. त्याहून कमी दोऱ्यांत भरतं का, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्रिंबक सरांच्या जाळ्यात त्याच्यापेक्षा एक दोरा कमी होता.

"एकच?" कडूबाई म्हणाली.

"एकच."

"एका दोऱ्यासाठी सात वर्षं?"

"आगं, एक कमी झाला म्हणजे त्याचा हिशेब शेवटचा न्हाई. जगात कुणी केलं न्हाई ते झालं. हेच लिहून द्यायचं, याच्यावरच पदवी."

कडूबाईनं मान हलवली. लोकरीच्या घरात वाढलेल्या बाईला एका दोऱ्याचं कौतुक नवं नव्हतं. सरांनी सगळं कागदावर मांडलं. मार्गदर्शकांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, पाठ थोपटली. दसऱ्यानंतर, कोजागिरी झाली की येणाऱ्या सोमवारी, औरंगाबादला परीक्षकांपुढं मांडायचं ठरलं. साल अठ्ठ्याऐंशी.

आता मधे आली खंडेनवमी.

खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पुजायची. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, सुतार करवत पुजतो. कडूबाईनं चरखी मांडली, कातर मांडली, विळी मांडली. मग तिच्या मनात आलं, आपल्या माणसाचं हत्यार कोणतं? खडू तर कॉलेजाचा. तिनं फळी पुसून घेतली, वरच्या बाजूला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचं फूल खोचलं, पुढं नारळ ठेवला आणि हात जोडले. सर म्हणाले, "आगं, हे काय?" ती म्हणाली, "सात वर्षं ह्याच्यावरच जेवून राह्यलो ना आपण?" कुंकू राहिलं.

त्यांच्या समोरच्या घरात साळूबाई राहायची. शेतकऱ्याघरची, वयानं मोठी, अर्धं भोकरदन तिला साळूमावशी म्हणायचं. तिची लेक बेबीनंदा वर्षभरापासून माहेरी येऊन बसली होती. जावयाचं आणि तिचं कशावरून तरी बिनसलं. कशावरून ते रोज वेगळं ऐकायला मिळायचं, पण जावई न्यायला येत नव्हता एवढं पक्कं. साळूबाई ताक घ्यायला आली की दारातूनच फळीकडं बघायची. त्रिंबक सर पिंपळगाव रेणुकाईचे. रोज आंघोळ करून, बुक्का लावून त्या रंगीत दोऱ्यांपुढं मुक्यानं बसतात. आणि आता तर फळीला कुंकू, फूल, नारळ. साळूबाईनं दोनात दोन मिळवले. सरांनी गावची रेणुकाई घरात आणून बसवलीय, नुसतं सांगत नाहीत एवढंच!

कोजागिरी झाली. येत्या सोमवारी सरांना पहाटेच्या गाडीनं जायचं. रविवारी सकाळी सर दाढी करायला बाहेर गेले. कडूबाई फळीखालची जागा झाडत होती, तेव्हा तिचा हात थांबला. वरच्या अंगाला, डाव्या बाजूच्या दोन खिळ्यांमध्ये एक लाल दोरा होता. लाल तिनंही पुष्कळ बांधले होते. पण हा लोकरीचा नव्हता, करदोड्याचा होता. आणि गाठ निरगाठ होती, चांगली आवळून मारलेली.

तेवढ्यात साळूबाई ताकाचं भांडं घेऊन दारात.

"मावशी, ह्या फळीला तुम्ही हात लावला व्हता का?"

"लावला की. का गं? न्हाऊनच बांधला बाई, विटाळ न्हाई केला. तू परवा नळाला गेल्ती तवा." साळूबाईनं आवाज खाली घेतला. "दिवाळीच्या आत जावई न्यायला येऊ दे म्हणलं. तुमची रेणुकाई लई कडक दिसते. सर एवढे शिकलेले, पण तिच्यापुढं तोंड उघडत न्हाईत."

कडूबाईला हसावं का रडावं कळेना. ही देवी नाही म्हणावं, तर कुंकू तिनंच लावलेलं. आणि साळूबाईचा चेहरा असा, की त्याच्यावर 'ही नुसती फळी हाय' असं म्हणायला जीभ रेटेना. तिनं ताक ओतलं आणि म्हणाली, "येईल मावशी जावई."

सर गुळगुळीत दाढी करून आले. उद्याच्या आनंदात होते, गुणगुणत होते. कडूबाईनं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.

"सोड तो," सर म्हणाले.

"न्हाई सुटत. नवसाचा हाय. जिनं बांधला तिनंच सोडायचा, तोबी नवस फिटल्यावर."

"आगं फळी हाय ती! देवी न्हाई!"

"कुकू मी लावलं, नवस ती बोलली. आता आपल्या दोघांच्या म्हणण्यानं काय व्हतंय?"

"कडू, ऐक. उद्या मला..."

"उद्या फळी न्यायची का?"

"न्हाई. कागद न्यायचे."

"मंग राहू द्या की. दोरा तुमचं काय खाऊन राह्यला?"

"खाऊन राह्यला!" सर आता जरा चिडले. "माझं जाळं भरलेलं हाय. भरल्या जाळ्यात एक दोरा बांधला, म्हणजे एकरंगी तिकोन झाला. नासलं सगळं. ते मला डोळ्यांपुढं नको."

"कुठं झाला तिकोन?"

"झालाच असणार."

"असणार न्हाई, दाखवा. तिकोन दाखवा, मी मावशीच्या पाया पडून तिच्याच हातानं सोडवते. न्हाई दाखवला तर दोरा राह्यला."

कडूबाईला गणितातलं काही म्हणायचं नव्हतं. नवस मोडायचा नाही, एवढाच तिचा हट्ट. वेळ काढायला तिनं घातलेली ती अट होती. तिला काय ठाऊक!

सर फळीपुढं आले. काम सोपं होतं. दोरा लाल. त्याच्या दोन टोकांना दोन खिळे. या दोघांनाही लाल दोऱ्यानं जोडलेला तिसरा खिळा सापडला, की झाला लाल तिकोन. सरांनी पहिल्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि त्याच्यापासून निघणारा एकेक लाल दोरा धरून पलीकडं गेले. एक लाल इथं जातो, पण इथून दुसऱ्या खिळ्याला हिरवा. दुसरा लाल तिथं जातो, तिथून दोराच नाही. तिसरा जातो तिथून पिवळा. बोट परत पहिल्या खिळ्यावर आलं. सरांनी चष्मा पुसला. दुसऱ्या खिळ्याकडून सुरुवात केली. परत तेच.

गुणगुणणं कधीच थांबलं होतं. कडूबाई परातीत पीठ घेऊन बसली होती, तिनं पाणीच घातलं नाही.

सरांनी कागद काढले. खिळ्यांच्या जोड्या शेकड्यांनी. एकेक जोडी कोण तपासतो? सरांनी त्यांचे प्रकार पाडले होते, सारख्या सारख्या जोड्यांचा एक प्रकार. उजव्या अंगाच्या जोड्या नीट तपासल्या होत्या. डाव्या अंगाला आले तेव्हा लिहिलं होतं, 'तसंच इकडंही.' आणि इकडं तसंच नव्हतं. एका ठिकाणी, एकाच, उजवीकडं जिथं लाल होता तिथं डावीकडं हिरवा होता. त्या दोन शब्दांवर मार्गदर्शकांचीही नजर दोनदा घसरून गेली होती.

लेकरं जेवून बाहेर खेळायला गेली तरी सरांचं ताट तसंच होतं. मग ते म्हणाले,

"तिकोन झाला न्हाई. दोरा मावला."

"म्हणजे?"

"म्हणजे भरलंच न्हवतं."

"मंग आता हा दोरा धरून भरलं का?"

"आता भरलं." सर हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "पण एक दोरा वाढला की हिशेब त्या प्राध्यापकाचाच. माझं काय राह्यलं त्याच्यात? सात वर्षं, अन् जिथल्या तिथं."

सात वर्षं काही त्यांची एकट्याची नव्हती. तिच्या बोटांना रंग अजून लागलेला होता.

थोड्या वेळानं सर भिंतीकडं बघतच म्हणाले, "मार्गदर्शकांना दिसलं न्हाई. परीक्षकांना बी दिसणार न्हाई. एवढं बारीक कोण बघतं? उद्या मांडलं तर पदवी मिळून जाईल."

हे ते तिला सांगत होते की विचारत होते, ते कडूबाईला कळलं नाही. तिनं विचारलंय असं धरलं.

"आमचा बाप घोंगडी विकायला काढायच्या आधी उजेडाकडं धरायचा," ती म्हणाली. "भोक दिसलं तर ती घरात पांघरायला. बाजारात न्हाई न्यायचा."

"अन् गिऱ्हाइकाला भोक दिसलंच नसतं तर?"

"गिऱ्हाइकाला न्हाई दिसत. पावसाला दिसतं."

सरांनी ताट पुढं ओढलं. "उद्या तू बी चल," ते म्हणाले. "लेकरं मावशीकडं ठिवू."

औरंगाबादची खोली मोठी होती, पंखा गरागरा फिरत होता. कडूबाई मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली. पुढं मार्गदर्शक, दोन परीक्षक, आणि कॉलेजातली दहा-बारा माणसं. एक परीक्षक म्हातारे होते, डोळे मिटूनच बसलेले. ते झोपलेत असं कडूबाईला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

सर फळ्यापाशी गेले. खडूनं आपला आकडा लिहिला, तोच तो, एक कमीवाला. त्याच्याकडं जरा बघितलं. मग डस्टर घेतलं आणि पुसून टाकला.

"हे मी सिद्ध केलं असं लिहिलं आहे," ते म्हणाले, "पण ते बरोबर नाही. एका जोडीत चूक आहे. काल कळलं."

मार्गदर्शकांचे कान लाल झाले. म्हाताऱ्या परीक्षकांनी डोळे उघडले. "काल? कसं कळलं?"

आता काय सांगावं? दुसरं काही जुळवून सांगता आलं असतं. पण सर कालपासून खरं बोलायच्या तारेतच होते.

"आमच्या शेजारच्या साळूबाईंनी नवस बोलला, सर."

खोलीत हशा पिकला. सरांनी फळी सांगितली, खंडेनवमी सांगितली, जावई सांगितला, करदोडा सांगितला. कडूबाईनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला, कारण कुंकवाचं नाव निघालं तेव्हा दोन-चार माना मागं वळल्या. म्हातारे परीक्षक सगळ्यांबरोबर हसले, आणि हसता हसता थांबले.

"एक सांगा. त्या बाईंनी लालच्या जागी हिरवा दोरा बांधला असता तर?"

सरांनी फळ्यावर तेवढाच कोपरा काढला, बघितला. "हिरवा तिकोन झाला असता."

"आणि पिवळा?"

"पिवळाही झाला असता. तिथं लालच फक्त मावत होता."

"म्हणजे त्यांच्याकडं दुसऱ्या रंगाचा करदोडा असता, तर आज आम्ही तुम्हाला पदवी देऊन मोकळे झालो असतो." म्हातारे परीक्षक पुढं वाकले. "दुसरं कुणी असो की तुम्ही असो, सगळे एक दोरा कमी करायच्या मागं. मला विचाराल तर तो कमी होतच नसावा. कमी होत नाही, हेच का दाखवत नाही तुम्ही?"

पदवी त्या दिवशी मिळाली नाही. मार्गदर्शक पुढचे दोन महिने बोलले नाहीत, आणि कॉलेजात दोऱ्यावाले सर हे नाव पडलं ते कायमचं. पण परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसून जे गप्प होते, ते गप्प राहणं कडूबाईच्या ओळखीचं होतं. ते आतून काम करून राह्यले होते.

जावई दिवाळीच्या आत काही आला नाही. आला पौषात. साळूबाई धावत सांगायला आली, आणि तिच्या मागोमाग खबर आली की बेबीनंदा जायला तयार नाही. "इतके दिस कुठं व्हतास म्हणावं! मी शिवणाची मशीन घेतलीय, आता तूच इथं राहा," असं तिनं त्याला दारातच ऐकवलं. साळूबाई पेचात पडली. नवस फिटला की नाही?

"मावशी, तुम्ही काय मागितलं व्हतं?" कडूबाईनं विचारलं.

"न्यायला येऊ दे म्हणलं व्हतं."

"मंग आला की."

"आला." साळूबाईनं विचार केला. "हिनं जावं, असं मी म्हणायलाच इसरले की गं." आणि दातानं सोडवावी लागली एवढी घट्ट गाठ तिनंच सोडली. तिची पाठ वळायच्या आत सरांनी कडूबाईला खूण केली. कडूबाईनं त्याच दोन खिळ्यांना लोकरीचा लाल दोरा बांधला, सुरगाठ मारून. जावई पुढं भोकरदनलाच राहिला, अडत दुकानात कामाला लागला. बेबीनंदा अजून त्याला दारातच ऐकवते.

सरांनी उलट्या बाजूनं काम धरलं. आधी कमी करायला झटत होते, आता कमी होत नाही हे दाखवायला झटायला लागले. कडूबाईला ते जास्त अवघड वाटलं. एक जाळं बांधून दाखवणं निराळं. जगात कुणीही, कसंही बांधलं तरी याच्याहून थोडक्यात भरणार नाही, हे सांगणं निराळं. पाच वर्षं लागली. त्र्याण्णव साली तीन रंगांपुरतं सिद्ध झालं. त्या आकड्याहून एक दोराही कमी चालत नाही. म्हातारे परीक्षक तोवर निवृत्त झाले होते, तरी मुद्दाम आले, आणि या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पदवी मिळाली. इंद्रभाननं पिंपळगावहून येऊन विचारलं, "मंग आता नवीन काय निघालं?" सर म्हणाले, "निघालं काहीच न्हाई, आबा. जेवढे लागतात तेवढे लागतातच, हे निघालं." म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "बरं झालं. न्हाई तर लोकं उगाच शोधीत बसली असती."

चार रंगांचं अजून कुणाला जमलं नाही. सर ते करत बसतात. केस पांढरे झाले, लेकरं पुण्याला गेली, घर स्वतःचं झालं. बसण्याची रीत मात्र त्या रविवारानंतर बदलली ती बदललीच. एखादं जाळं भरलंय असं वाटलं, की सर आता कागदाकडं जात नाहीत. दाराशी जाऊन उभे राहतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसाला आत बोलावतात. गणित येणारा असेल तर पाठवून देतात. गणित येणाऱ्याला माहीत असतं, कुठं बांधू नये ते. सरांना पाहिजे असतो तो ज्याला काहीच माहीत नाही.

परवा सकाळी दूधवाला तातेराव सापडला.

"तातेराव, ये. एक दोरा बांध."

"कुठं, सर?"

"जिथं न्हाई तिथं. तुझ्या मनाला येईल तिथं."

"कोणता बांधू? चार रंग हायेत."

"तुझ्या मनानं."

तातेरावनं कडूबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली, म्हणजे बांध बाबा, काही होत नाही. त्यानं निळा उचलला, दोन खिळे निवडले, गाठ मारली, पाया पडावं की नाही अशा बेतानं जरा वाकला, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. सर पाटावर बसले, निळ्या दोऱ्याच्या एका टोकावर बोट ठेवलं, आणि हळूहळू तिसरा खिळा शोधायला लागले. कडूबाईनं दूध चुलीवर चढवलं आणि उतू जाऊ नये म्हणून तिथंच बसली.